साळूबाईची साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नाथाजीने साठी गाठेपर्यंत ती चढली नव्हती, आणि चढला तेव्हा बायकोच्या काखेत हात घालून, दर पायरीला दम खात चढला. साळूबाईचा डावा पाय घोट्याच्या पुढे उरला नव्हता. सांगलीच्या कोर्टात आलेली माणसं त्या पायाकडे बघत आणि लगेच दुसरीकडे तोंड फिरवत. नाथाजीला त्याचा भारी संताप यायचा. बघायचं तर सरळ बघा की लेको, चोरून काय बघता!

पाय कशाने भाजला हे सांगितलं तर कुणाला खरंही वाटत नसे. बुटाने भाजला होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा जोतिबा पलटणीत होता, तिकडे वर बर्फाच्या मुलखात. एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा साळूबाईने औंधच्या यमाईपुढे एक नेम धरला. जोतिबा सुट्टी संपवून निघाला की पायातली वहाण काढायची आणि तो पुन्हा घराचा उंबरा ओलांडून आत येईपर्यंत घालायची नाही. लढाई संपली, पण नेम काही संपला नाही. रानात काटे असोत, उन्हाळ्यात भुई तापो, ही आपली अनवाणी. जोतिबाला याचा पत्ता नव्हता. तो घरात येऊन टेकला की ही हळूच पायात वहाणा सरकवायची, मग त्याला कळणार कसं? त्याला दिसायच्या त्या नुसत्या टाचांच्या भेगा, बोट जाईल एवढ्या.

त्या थंडीनेच पडतात असं समजून पोराच्या मनात त्या भेगा घर करून राहिल्या. पलटणीत कुणाकडे आलेल्या जुन्या पेपरात त्याने एक जाहिरात पाहिली. सांगलीच्या एका कारखान्याने बॅटरीचे गरम बूट काढले होते. बुटाच्या तळात तार, पोटरीला बांधायची सेलची पिशवी आणि चालू-बंद करायला खटका. जोतिबाने कारखान्याला मनीऑर्डर केली, पत्ता घरचा दिला. बूट पार्सलने आले आणि मागोमाग त्याचं पत्र. नाथाजीने ते ओट्यावर बसून वाचून दाखवलं. 'आई, थंडीचे बूट घालच. नुसते ठेवून देशील, मला माहीत आहे. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.'

झालं! इकडे आड, तिकडे विहीर. घालावेत तर यमाईचा नेम मोडतो, न घालावेत तर पोराच्या गळ्याची शपथ मोडते, आणि तो गळा सरहद्दीवर उभा. बूट देव्हाऱ्याजवळ तसेच पडून राहिले. साळूबाईला जेवण जाईना. मग एके दिवशी तिचा चेहरा उजळला.

"आवं, म्या हातरुणात घालते," ती म्हणाली. "पाय भुईला लागलं न्हाईत तर वहाण घातली आसं कोन म्हनंल? नेमबी ऱ्हातोय आन् शपथबी."

"अगं, तू वकीलच व्हायला पायजे हुतीस," नाथाजी हसून म्हणाला होता.

तिने अंथरुणात बसून बूट चढवले, पिशवी बांधली, खटका लावला. पाय जरा कोमट झाले तसा खटका बंद केला आणि वाकळ ओढून घेतली. नाथाजीने खटका बंद करताना तिला डोळ्यांनी पाहिलं होतं. पण खटका वरून बंद झाला, आत झालाच नाही. तार तापतच राहिली. पहाटे करपलेल्या चामड्याच्या वासाने नाथाजीला जाग आली, तेव्हाही साळूबाई गाढ झोपेत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात साखर आहे, पाय केव्हाच बधिर झालेत, भाजलेलं कळणार कुठून? उजवा पाय वाचला. डावा सडत गेला आणि कापावा लागला.

जोतिबा सुट्टी काढून आला तो आग होऊनच. करपलेला बूट घेऊन तो थेट सांगलीला जिनपाल वकिलांकडे गेला आणि कारखान्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. "पर आई, हातरुणात कशापायी घातलंस गं?" असं त्याने विचारलं होतं. "थंडी वाजत हुती," एवढंच साळूबाई बोलली. त्यालाही ते पटलं आणि तो परत गेला.

कारखान्याचं म्हणणं सरळ होतं. बूट चालायला केलेत, बाई घालून झोपली, दोष तिचा. जोतिबा गेल्यावर दोघांनी जिनपाल वकिलांना सगळं खरं सांगितलं होतं. साक्षीच्या दिवशी सकाळी त्यांनी दोघांना बाकावर बसवून समजावलं.

"मावशी, नेम आणि शपथ दोन्ही सांगा. काही लपवू नका. खटका बंद केला होता हे ठाम सांगा. नाथाजीराव त्याला दुजोरा देतील. कोर्टालाही आई असते. केस आपली आहे."

"जोतिबा येनार हाय का?" साळूबाईने विचारलं.

"नाही. सुट्टी मिळाली नाही अशी तार गेल्या आठवड्यातच आलीय."

"मग सांगते."

वकील आत गेले तसं ती नाथाजीच्या कानाशी आली. "त्याच्या शपथंनं माजा पाय गेला ह्ये त्याला कळलं तर त्यो जगंल का वो? तिथं बंदूक घिऊन हुबा ऱ्हातोय. मन थाऱ्यावर नसंल तर मानूस चुकतंय." नाथाजीने तिचा पदर सारखा केला.

साळूबाई पिंजऱ्यात उभी राहिली. देवाशपथ खरं सांगेन, असं तिच्याकडून म्हणवून घेतलं. आणखी एक शपथ! एका बाईने शपथा तरी किती सांभाळायच्या, असं नाथाजीच्या मनात आलं.

"मावशी, बूट घालून तुम्ही अंथरुणात का झोपलात, ते कोर्टाला सांगा," जिनपाल वकील म्हणाले.

साळूबाईने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. नाथाजीने वळून पाहिलं. दारात जोतिबा उभा होता. पलटणीचा हिरवा वेष, खांद्यावर किटबॅग, मिरजेला गाडीतून उतरून धावतपळत आलेला. तार धाडल्यावर कशीबशी सुट्टी मंजूर झाली होती. आईकडे बघून तो हसला आणि धीर दिल्यासारखी मान हलवली.

"सांगा मावशी."

थंडी वाजत होती म्हणावं तर मग दिवसा का घातले नाहीत, असं कुणीतरी विचारणारच. "आळसानं," साळूबाई म्हणाली. "काडायचा कटाळा आला."

वकिलांना वाटलं बाई घाबरली. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मग कारखान्याचा वकील उठला. त्याला तर आयतंच ताट वाढून मिळालं.

"आजी, बूट काढायचा कंटाळा आला, तसा खटका बंद करायचाही आला असेल?"

खटका बंद केला म्हणावं तर तो वकील खोलात शिरणार, अंथरुणापर्यंत आणि तिथून नेमापर्यंत जाणार. साळूबाईने कठडा घट्ट धरला.

"आला आसंल," ती म्हणाली.

पुढे नाथाजीचा पुकारा झाला. जिनपाल वकील आशेने त्याच्याकडे बघत होते. खटका बंद झालेला त्याने पाहिला होता. एवढं एक वाक्य बोललं तरी दावा सावरला असता. बाकावरून साळूबाई त्याच्याकडे बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा नाही.

"मला झोप लागली हुती," नाथाजी म्हणाला. "मला काय ठावं न्हाई."

दावा तिथेच बुडाला. कारखान्याची माणसं हसत हसत गाडीत बसली.

कोर्टाच्या आवारात जोतिबा आईवर तुटून पडला. "आळसानं? आई, तू आळशी? पहाटं उठून सडा घालनारी तू? आगं, तुज्यासाठी म्या सायबाच्या पाया पडून सुट्टी आनली! साऱ्यांम्होरं आपल्या तोंडानं आपलंच वाटोळं केलंस. आन् आबा, तुमीबी गप ऱ्हायला?"

नाथाजीला वाटलं, या पोराला धरून हलवावं आणि सांगून टाकावं, अरे गाढवा, तुझ्यासाठी! पण पोराचे डोळे लाल झाले होते आणि पाच दिवसांच्या प्रवासाने गाल बसले होते. नाथाजीने सगळं गिळलं.

"चुकलं रं माजं," साळूबाई म्हणाली. "म्हातारी झाले. ध्येनात ऱ्हात न्हाई."

जोतिबाने किटबॅग बापाच्या हाती दिली आणि तो आईपुढे पाठ करून खाली बसला. एस.टी. स्टँड लांब होता. साळूबाईने त्याच्या गळ्याभोवती दोन्ही हात टाकले आणि गाल त्याच्या मानेला लावला. तो तिला घेऊन उठला आणि चालू लागला.

"जड हुतंया का रं?" तिने विचारलं.

"न्हाई गं," जोतिबा म्हणाला. त्याचा राग अजून गेला नव्हता. "लय हलकी झालीस."

नाथाजी साळूबाईची कुबडी आणि किटबॅग घेऊन मागून चालत होता. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. त्याला आता कुणाचा राग येत नव्हता, नुसतं रडू येत होतं, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.