जांभळी बरणी

आईच्या जोडीच्या दोन काचेच्या बरण्या होत्या. आई गेली तेव्हा एक ताईनं घेतली, एक धाकटीनं. त्याच आठवड्यात, आईला शेवटी कुणी सांभाळलं यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि अबोला धरला गेला तो कायमचाच. पुढं ताईनं घरही बदललं. धाकटीनं पत्ता विचारला नाही.

ताई वारल्यावर भाची टॉवेलात गुंडाळून बरणी घेऊन आली. धाकटीनं ती उजेडात धरली. काच फिकट जांभळी होती.

"ही आईची नव्हे. आमच्या बरण्या पाण्यासारख्या स्वच्छ होत्या. बदलली कुणी?"

भाचीचा चेहरा उतरला. "मावशी, आई हिला कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही."

शेवटी दोघी दोन्ही बरण्या घेऊन जुन्या काचसामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं बरण्या उलट्या करून बुडाचा ठसा पाहिला.

"जोडीच्याच आहेत. पूर्वी काचेची हिरवट झाक जावी म्हणून तिच्यात मँगनीज घालायचे. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की तीच काच जांभळी होते. तुमची कुठं असायची?"

"कपाटात," धाकटी म्हणाली.

"आणि ही?"

"खिडकीत," भाची म्हणाली. "समोर बस थांबते ना, म्हणून. आई म्हणायची, मावशीला नवं घर माहीत नाही. कधी आलीच तर बरणी ओळखेल, दारोदार विचारत बसायला नको."

धाकटीनं जांभळी बरणी पुन्हा टॉवेलात गुंडाळली. दुकानदार उगाच काउंटर पुसत राहिला.

बाहेर आल्यावर धाकटीनं विचारलं, "ताईचं भाड्याचं घर कधी सोडायचंय?"

"महिनाअखेरीला. आईचं कपाट तेवढं राहिलंय. माझ्यानं उघडवत नाही गं."

"चल, मी येते."

ताईच्या घरात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. तिनं एकेक कपडा काढून घडी घातली. ताई अंगानं भरलेली, दारातून आली की दार भरून जायचं, असं सगळे चेष्टेनं म्हणायचे. इथं मात्र प्रत्येक झंपराला दोन्ही बाजूंनी आत टीप मारलेली होती. जुन्या टिपेच्या आत नवी, तिच्याही आत आणखी एक.

"इतकी वाळली होती?"

भाचीनं नुसती मान हलवली. धाकटीनं तो झंपर मांडीवर ठेवला आणि ती रडू लागली.