साळूबाईचा हुंदका

देवळाली प्रवरा गावातल्या रंगनाथच्या नव्या घरापुढं अख्खी वस्ती गोळा झाली होती. एकाहत्तर सालचा वैशाख. ऊन कललेलं, पश्चिमेचा वारा सुटलेला, आणि त्या स्लॅबच्या घरातून बाई रडावी तसा घोगरा आवाज येत होता. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई.

"त्याची आईच हाय," बाया कुजबुजत होत्या. "साळूबाईचं घर पाडलं न्हवं का यानं!"

जुनं धाब्याचं मातीचं घर पाडू नको, असं रंगनाथची आई साळूबाई मरेपर्यंत सांगत होती. ती गेली, आणि त्यानं त्याच जागी सिमेंटचं घर बांधलं. उन्हाळी वारं सुटलं तसा हा हुंदका सुरू झाला.

रंगनाथनं भूत उतरवायला बोलावलेला सूर्यभान भगत काळी बाटली नाचवत ओरडला, "साळे, नातवाचा जीव पायजे व्हय तुला? चल, हो आत!"

त्यानं खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. छताखालच्या झरोक्याची काच तडकून फट पडली होती, तिच्यात लिंबाची फोड आणि शेणमाती कोंबली. रडणं गपकन थांबलं. मग बाटली ओठांशी नेऊन तो मंत्र पुटपुटला, आणि बाटलीतून तोच हुंदका आला! भल्याभल्यांचे हात जोडले गेले.

"मी सांगंपत्तर काय बी उघडायचं न्हाई. उघडलं की म्हातारी सुटली!"

त्या बंद खोलीत रंगनाथची बायको चांगुणा बाळंतीण होती. दिवस मावळला की कुणीतरी छातीवर बसतंय असं तिला वाटू लागलं. डोळे मिटले तरी अंधारात सासूचा चेहरा दिसे. तान्ह्याचं अंग तापलं, ते दूध ओढेना.

"अजून समदी बाटलीत आली न्हाई, जाता जाता झोंबतीया," भगत म्हणाला. "दार घट्ट लावा."

रंगनाथची आत्या बनुबाई मात्र कुणाला न विचारता दवाखान्यात गेली आणि डॉक्टर सुचित्राबाईंना घेऊन आली. बाई रत्नागिरीच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी बाळ उचललं आणि कडुनिंबाखाली आणलं. त्याचे कपडे काढले, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, चांगुणाला पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं बाळानं दूध ओढलं, तेव्हा कुठं त्या उठल्या.

"खिळे काढा."

रंगनाथ आडवा आला. "बाई, आई सुटंल वो!"

"सुटू दे. मी आत उभी राहते."

खिडक्या उघडल्या. बाईंनी खाटेवर चढून झरोक्याच्या फटीतली माती खरवडली, आणि पुन्हा तोच हुंदका! लोक मागं सरकले. बाईंनी फटीवर तळहात ठेवला. आवाज बंद. काढला की सुरू.

"तुम्ही ठेवा हात."

रंगनाथनं खाटेवर चढून हात ठेवला. तळव्यावर वारा जोरात धडकत होता. बाईंनी मग फुटकी काच काढूनच टाकली. वाट मोठी झाली, हुंदका थांबला, आणि वारा खोलीभर खेळू लागला.

"बाटलीतली म्हातारी खवळंल!" भगत ओरडला. बनुबाईनं बाटली हिसकावून बाईंच्या हाती दिली. बाईंनी तिच्या तोंडावरून फुंकर मारली. बाटली रडली. भगत तोवर कुंपणाबाहेर गेला होता.

"मग माझ्या छातीवर कोण बसत हुतं?" चांगुणानं विचारलं.

"उष्मा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. गरम हवा वर चढते, तिला वरून वाट हवी आणि थंड हवेला खालून. तुमच्या जुन्या घरात जाड माती होती, छताला साणं, म्हणजे हवा जायला भोक होतं, म्हणून ते गार राही. आमच्या कोकणात हवा दमट, तिथं दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतो. इथं दुपारच्या झळा आत घेऊ नका. ऊन उतरलं की मात्र सगळं उघडा, वरचा झरोकासुद्धा."

रंगनाथ उंबऱ्यावर बसला. "म्हंजी आई न्हवतीच? मला वाटलं, रागावली का हुईना, पर हाय."

बाई त्याच्याजवळ बसल्या. "नव्हती. जिनं तुम्हाला वाढवलं, ती नातवाच्या जिवावर उठेल, हे तुम्हाला पटलं कसं? भगत सांगेल ते मानण्याआधी एकदा स्वतः हात लावून बघत जा."