जास्तीचा वेळ

तपासणी समिती येणार अशी बातमी आली आणि राजापेठेतल्या त्या महाविद्यालयाला एकाएकी माणुसकीचा पान्हा फुटला. ज्या खोलीत वर्षभर कबड्डीच्या मॅट आणि पाय मोडलेल्या खुर्च्या पडून असत, तिला निळा रंग लागला. दारावर पितळी पाटी चढली, 'दिव्यांग विद्यार्थी सहाय्य कक्ष'. कागदोपत्री हा कक्ष कितीतरी वर्षांपासून होता म्हणे. फक्त त्याची किल्ली जिमखान्याच्या शिपायाकडे असायची आणि शिपाई कुठे असायचा ते देवाला ठाऊक.

दारापुढच्या रॅम्पवर शोभेसाठी कुंड्या मांडल्या होत्या. कडेला मांडून हौस फिटली नाही म्हणून मधोमधही एक रांग लावली. त्यामुळे समिती आली त्या दिवशी, तिच्या डोळ्यांदेखत व्हीलचेअरवरच्या अंकुरला आत न्यायची वेळ आली तेव्हा चार पोरांनी त्याला खुर्चीसकट उचललं. तो बिचारा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून, ओशाळून हसत राहिला. रॅम्पचा फोटो मात्र झकास आला.

कुंड्यांना गुंडाळलेल्या झेंडूच्या माळा दीपमालाच्या घरच्या होत्या. नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात तिचे आईवडील फुलं आणि भाजीपाला पिकवायचे. "घरचीच फुलं आहेत ना, घेऊन ये," असं प्राचार्य म्हणाले होते, आणि नाही म्हणायची तिची सोय नव्हती. तिचा अर्ज त्यांच्या सहीवाचून अडकला होता.

दीपमाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय वनस्पतीशास्त्र. एकदा कानावर पडलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. पानाची शीर पाहून ती झाड ओळखायची, प्रात्यक्षिकात वर्गात पहिली यायची. पण छापलेलं पान समोर आलं की तिची दमछाक व्हायची. अक्षरं एकमेकांत मिसळायची, जोडाक्षराशी गाडी अडायची, ओळ हातातून सुटायची आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात. शाळेत मास्तरांनी तिला ढ ठरवलं, नातेवाइकांनी आळशी ठरवलं. शेवटी अकोल्याच्या कुंदनमामाने आपल्याच ऑटोत बसवून तिला तिथल्या दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की याला डिस्लेक्सिया म्हणतात, यात पोरीचा काडीचा दोष नाही, आणि परीक्षेत तिला वाचून दाखवणारं माणूस व जास्तीचा वेळ मिळणं हा तिचा हक्क आहे. तिची आई पार्बताबाई तेव्हापासून कुणालाही सांगायची, "आमच्या दीपीले ते अकोल्याचं हाय. बाकी डोकं लय तेज हाय तिचं."

हक्क कागदावर आला, पण कॉलेजाच्या फाटकाशी अडला. उन्हाळी परीक्षेत वनस्पतींच्या शरीरक्रियेचा पेपर होता. वाचून दाखवायला करिश्मा आली होती. ती दीपमालाच्या खोलीत राहणारी, एक वर्ष मागची पोरगी. वर्षभर धडे मोठ्यानं वाचून मोबाइलमध्ये भरून द्यायची. पर्यवेक्षकांनी तिला दारातच थांबवलं. का, तर महाविद्यालयाने विद्यापीठाला कळवलंच नव्हतं. मग दीपमालाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ते म्हणाले, "डोळे धड आहेत, हात धड आहेत. तुला कशाला पाहिजे वाचणारी? उद्या म्हणशील, उत्तरंही तिलाच लिहू दे." वर्ग हसला. दीपमाला एकटी बसली. तिसरा प्रश्न वाचत होती तेवढ्यात घंटा झाली आणि पेपर हातातून ओढला गेला. प्रात्यक्षिकात पहिली आलेली पोरगी त्याच विषयात नापास झाली.

अकोल्याच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.साठी तिचं नाव लागलं होतं. ती जागा आता फेरपरीक्षेवर टांगली होती. फेरपरीक्षेला वाचक आणि वेळ मिळायचा तर प्राचार्यांच्या सहीने अर्ज विद्यापीठात जायला हवा होता. सहीसाठी ती खेटे घालत होती. कधी सर मीटिंगमध्ये, कधी सर बाहेरगावी. शेवटी सर भेटले आणि म्हणाले, "समितीपुढे आपल्या कक्षाबद्दल चार शब्द बोल. चांगलं बोल. मग बघू तुझ्या सहीचं."

ते चार शब्द कक्षाच्या प्रमुख आकांक्षा मॅडमनी लिहून आणले. आता यांच्या अकलेचं काय करावं? जिला वाचता येत नाही म्हणून हा सगळा कक्ष, तिच्या हातात त्यांनी बारीक टाइपातला कागद ठेवला, तोही पाठपोट.

"मॅडम, तुमी एकडाव वाचून दाखवता काय?" दीपमालाने विचारलं. "मी पाठ करून घेतो."

"अगं, मला श्वास घ्यायला वेळ नाही. साधं तर आहे. बघून वाच फक्त."

मॅडम वाईट नव्हत्या. त्या पोरींशी गोड बोलायच्या, दिव्यांग दिनाला सगळ्यांना गुलाबाचं फूल द्यायच्या. पण आपण कुणाशी काय बोलतो आहोत हे त्यांच्या कधी ध्यानातच यायचं नाही, आणि दीपमालाला या गोडव्याचा पर्यवेक्षकाच्या टोमण्यापेक्षा जास्त संताप यायचा.

कागद करिश्मानं वाचून दाखवला. 'आमच्या महाविद्यालयात दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत अतिरिक्त वेळ व वाचक उपलब्ध करून दिला जातो. त्यामुळे माझ्या जीवनाचे सोने झाले.' दुसऱ्यांदा वाचेपर्यंत दीपमालाला सगळं तोंडपाठ झालं होतं.

"धडधडीत खोटं हाय हे," करिश्मा म्हणाली. "काहून बोलतं तू?"

तेवढ्यात आईचा फोन आला. पार्बताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि निवांत आवाजात सांगितलं, "बोलून टाक माय. तोंडाले काय लागते? सही घे अन् मोकळी हो. अकोल्याले जायाचं हाय ना तुले?"

जायचं होतंच. रात्रंदिवस तेवढंच एक डोक्यात होतं. म्हणून घडी घातलेला अर्ज ओढणीखालच्या पिशवीत ठेवून, खोटं बोलायची तयारी करून दीपमाला दुसऱ्या दिवशी सभागृहात गेली. विद्यापीठात अर्ज पोचवायची तारीख त्याच्या पुढच्याच दिवशी संपत होती.

समितीच्या अध्यक्षा म्हणजे पांढऱ्या केसांच्या, अबोल बाई होत्या. त्यांच्या शेजारी दोन पाहुणे काजू खात होते. प्राचार्यांनी माइक हातात घेतला आणि दीपमालाला आपल्या बाजूला उभं केलं, बाजारात नवी बैलजोडी दाखवावी तसं.

"ही आमची दीपमाला. शेतकऱ्याची मुलगी. हिला अक्षरओळख नीट नव्हती. आमच्या कक्षाने हिच्यावर इतकी मेहनत घेतली की आज ती तुमच्या-आमच्यासारखी घडाघडा बोलते, वाचते."

एका पाहुण्याने तिच्याकडे पाहिलं. "बघून काही वाटत नाही हो!"

"तेच तर!" प्राचार्य खुशीत हसले. "खरं सांगायचं तर आता हिला कुठल्या सवलतीची गरजच उरलेली नाही."

दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका क्षणात तिला सगळा डाव दिसला. ती इथं घडाघडा बोलली की तिचं बोलणंच तिच्याविरुद्ध पुरावा होणार होता. उद्या सही मागायला गेलं की हाच माणूस म्हणणार होता, अगं, समितीसमोर तर कसं छान वाचलंस! तिनं पाठ केलेलं भाषण तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं. हातातला कागद उघडला आणि ती वाचू लागली, खरोखरीचं, जसं तिला वाचता येतं तसं.

"आ... आम... आमच्या. म... मा... महा..."

सभागृहात कुणीतरी खोकलं. ती तिसऱ्या शब्दापर्यंत पोचली, ओळ सुटली, ती पुन्हा पहिल्या शब्दावर आली. मागच्या बाकांवर पोरं खिदळली. आकांक्षा मॅडम खालून हातवारे करू लागल्या, पाठ आहे ना, म्हणून टाक! दीपमालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चारचौघांत असं वाचायचं नाही म्हणून तिनं लहानपणापासून काय काय नाही केलं! दुकानाच्या पाट्या वाचल्याचं सोंग केलं, चष्मा विसरल्याची थाप मारली. आज ती सगळ्यांसमोर आपलं तेच दुखणं उघडं करून उभी होती. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग मोठा होता. ती बोट ठेवून वाचत राहिली. घामाने कागद ओला झाला. पाहुण्यांनी काजूची बशी बाजूला सरकवली, घड्याळं पाहिली.

"राहू दे, राहू दे," प्राचार्य जवळ येऊन दातओठ खात कुजबुजले. "बस खाली. पाहुण्यांना पुढे जायचंय."

"सर, मधात नका बोलू, ओळ सुटते," ती माइकमध्येच म्हणाली. "आता जास्तीच्या वेळेचं येऊन राहिलं."

"वाचू द्या तिला," अध्यक्षाबाई म्हणाल्या.

मग कुणी हललं नाही. 'अतिरिक्त'शी ती किती वेळ झगडली, 'उपलब्ध'पाशी कितीदा मागे फिरली, ते सगळ्यांना बसून ऐकावं लागलं. पोरांचं खिदळणं कधीच थांबलं होतं. पहिलं वाक्य संपलं तेव्हा तिनं मान वर केली.

"एक वाक्य वाचाले मले एवढा वेळ लागते," ती म्हणाली. "परीक्षेत मी सारा पेपर एकटीनं वाचला. माह्या वाचकाले दारातून हाकललं, कारण कॉलेजनं कळवलंच नोतं. जास्तीचा वेळ एक मिनिट नाई भेटला. या कागदावर जे लिहिलं हाय, ते मले कधीच भेटलं नाई. अन् त्या अंकुरले रॅम्पवरून चार जणांनी उचलून आणलं, ते तुमी आताच पाह्यलं."

प्राचार्यांचा चेहरा पडला. "काहीतरी गैरसमज..." असं म्हणत ते आकांक्षा मॅडमकडे पाहू लागले. अध्यक्षाबाईंनी समोरची फाइल उघडली आणि त्या लिहायला लागल्या.

दीपमालाने पिशवीतून अर्ज काढला, घडी उलगडली आणि माइकशेजारी प्राचार्यांपुढे ठेवला.

"सर, चार शब्द बोलून झाले. आता सही."

"उद्या ऑफिसला ये, बघू."

"उद्या तो विद्यापीठात पोचला पायजे. इथंच करा."

सगळं सभागृह त्यांच्या हाताकडे बघत होतं. प्राचार्यांनी खिसे चाचपले. पेन छातीच्या खिशातच होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. मग त्यांनी अर्ज हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि घसा खाकरला.

"असं घाईत नाही होत. आधी नीट वाचून बघावं लागेल मला."

"वाचा ना, सर," दीपमाला म्हणाली. "वाचाले वेळ लागतेच. मी हावो इथंच उभी."