चार आठवड्यांचा महिना

सोमवारी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता सासरे धाडकन खाली पडले. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी आधी गॅस बंद केला, मग त्यांना कुशीवर वळवलं. तीन वर्षांत त्यांना एकदाही फिट आली नव्हती आणि त्याची आम्हाला केवढी ऐट होती.

ऐटीचं कारण एक पांढरी गोळी. आमच्याकडे ती मिळत नाही. माझा नवरा जहाजावर स्वयंपाकी आहे, तो परदेशी बंदरांतून आणतो. या खेपेला सहा महिन्यांसाठी निघाला तेव्हा सहा खोकी कपाटात लावून गेला. "महिन्याला एक. डोक्याला ताप नाही," म्हणाला. मला वाटलं, चला, स्वारीनं कधी नव्हे ते एक काम धड केलं.

घरी बोलावलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली होती का?"

"छे!" मी म्हटलं. बाबा भिंतीकडे बघत होते. एक दिवसही चुकता कामा नये, असं बजावून डॉक्टर गेले.

"बाबा, खरं सांगा."

"रविवारी घेत नाही."

"का? गोळीला सुट्टी असते?"

"खोक्यात चारच आठवड्यांच्या गोळ्या असतात, सूनबाई. दुसरं खोकं संपलं तरी महिना सरेना, तेव्हा लक्षात आलं. सहा महिन्यांचे आठवडे होतात सव्वीस. त्यानं ठेवलेत चोवीस. दोन आठवडे आणायचे कुठून? मग रविवार गाळला."

माझं डोकंच फिरलं. "मला सांगायला तोंड नव्हतं? उकळत्या चहावर पडला असता तर?"

"तू त्याला कळवलं असतंस. तो काम टाकून आला असता. मग पुन्हा जहाजावर कोण घेईल त्याला?"

मी कळवलंच असतं. त्यामुळे मला आणखी राग आला. दोन महिने हा माणूस दर रविवारी जिवावर उदार होऊन माझ्यासमोर जेवत होता आणि मला पत्ता नव्हता. मला रडू फुटलं.

संध्याकाळी जहाज बंदराला लागलं, तेव्हा फोन लागला.

"असं कसं होईल?" नवरा म्हणाला. "सहा महिने, सहा खोकी!"

"अरे शहाण्या, चार आठवड्यांचा महिना असतो का? आता रोज दिल्या तर, रविवारच्या वाचलेल्या धरूनही, तू यायच्या आधी आठवडाभर घरात एक गोळी नसेल."

तो बारीक आवाजात म्हणाला, "इथं शोधतो. मिळतीलच असं नाही."

"मिळतीलच असं नाही? बापाचा जीव आहे तो! एवढं साधं गणित येत नाही? कुणी शिकवलं रे तुला?"

"मी," खाटेवरून बाबा म्हणाले. उठायला गेले, जमलं नाही. "बोटं मोजून मीच शिकवलं होतं. त्याला नको ओरडूस."