देवीलालची हापशी

“मानसं येऊन राह्यली, पोरी. घाबरू नको. तुले जसं येते तसं सांग,” देवीलाल म्हणाला आणि सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं अंथरलेल्या सतरंजीचं दुमडलेलं टोक त्यानं हातानं सारखं केलं.

सकाळपासून तो घरोघर फिरला होता. आपल्या कहकशांचा अभ्यास पुरा झाला, आज ती निकाल सांगणार, एकानंही घरी राहायचं नाही, असं बजावून आला होता. आता बायका पदर सावरत येत होत्या आणि गुडघ्यांवर हात टेकवून कशाबशा बसत होत्या. पोरं हसत होती आणि हसताना त्यांचे तपकिरी डागांचे दात दिसत होते. कहकशां हातातले आकड्यांचे कागद पुन्हा पुन्हा लावत होती.

ती यवतमाळची. तिचे अब्बा, अब्दुल गनी, जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी तिनं विषय घेतला होता तो पाण्यातलं फ्लोराइड आणि हाडांच्या आजारांचा. त्यासाठी ती घाटंजीपासून आत असलेल्या या बंजाऱ्यांच्या तांड्यावर आली, तेव्हा पहिल्या दिवशी एक दार धड उघडलं नव्हतं. बायका “सर्वेवाली आली” म्हणायच्या आणि आत निघून जायच्या.

देवीलाल हापशी खोलून बसला होता. तिनं काही न बोलता बाजूचा पाना उचलून त्याच्या हातात दिला.

“हाच पायजे, हे तुले कसं समजलं?”

“मिस्त्रीची पोरगी आहे, काका.”

देवीलाल खदखदून हसला. हात पुसून उठला आणि स्वतः तिला घेऊन निघाला. मग तांड्यात तिला कुणी अडवलं नाही. देवीलाल ज्याला घेऊन आला तो घरचाच, अशी रीत होती, कारण तांड्याला पाणी मिळालं होतं ते देवीलालमुळं.

पूर्वी सगळा तांडा नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायचा. दर पावसाळ्यात हगवण यायची आणि लेकरं घेऊन जायची. देवीलालची थोरली पोर तशीच गेली. तिला मातीत ठेवून आल्यावर त्यानं पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. साहेब बदलले, पण तो जातच राहिला. शेवटी बोअर झाली, हापशी बसली. ती बिघडली की मेकॅनिक येईपर्यंत लोक पुन्हा झिऱ्यावर जातात हे पाहून दुरुस्तीही तो स्वतः शिकला. उभी हयात त्यानं ती हापशी बंद पडू दिली नाही.

पाण्याच्या तपासणीचे आकडे आले तेव्हा कहकशांनं ते दोनदा ताडून पाहिले. हापशीच्या पाण्यात फ्लोराइड सुरक्षित प्रमाणाच्या कितीतरी पट जास्त होतं. पोरांचे दात, म्हाताऱ्यांच्या ताठलेल्या पाठी, देवीलालच्या बायकोचे, जमनाबाईचे, वाकडे झालेले गुडघे, सगळं तिथूनच आलं होतं.

“गावाला निकाल सांगायचा. ते आपलं कर्तव्य आहे,” मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं.

अब्बांनी घरी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “पहले देवीलाल भाई को अकेले में बताना, बेटा.”

ती त्यासाठी दोनदा तांड्यावर गेली. पहिल्यांदा जमनाबाईनं भाकर वाढली आणि घास तोंडात असताना तिला बोलवेना. दुसऱ्यांदा देवीलाल हापशीला निळा रंग देत होता. “सभेले पावने येतीन ना,” तो म्हणाला. तिनं ब्रश धरून एक बाजू रंगवून दिली आणि परत आली.

आता ती उभी राहिली. फ्लोराइड म्हणजे काय, ते चवीला कळत नाही, उकळूनही जात नाही, हाडांत कसं साठतं, हे सगळं तिनं सोपं करून सांगितलं. देवीलाल हातात जग घेऊन रांगेतून पाणी वाढत होता आणि मधूनच कौतुकानं तिच्याकडं बघत होता.

“म्हंजे कोनतं पानी?” धरमसिंगनं विचारलं. त्याच्या नातवाचे पाय धनुकलीसारखे वाकले होते.

“हापशीचं, भाऊ.”

धरमसिंगनं हातातला भरलेला गिलास बघितला आणि सतरंजीबाहेर मातीत ओतून दिला. मग शेजारच्यानं ओतला. एकेक करत सगळेच ओतू लागले. देवीलाल मधोमध जग धरून उभा होता. सगळे उठून गेले तरी तो तसाच होता.

त्याच संध्याकाळी त्यानं हापशी खोलली. साखळी काढली, दांडा काढला. कहकशां जवळ जाऊन उभी राहिली.

“काका, मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं.”

“आधी सांगतलं असतं तरी पानी तेच राह्यलं असतं.” तो वर न बघता बोलत होता. “पन मी तरी त्याहिले माह्या हातानं वाढलं नसतं.”

कहकशांनं मातीत पडलेली साखळी उचलून बाजूला ठेवली.

“एक इचारू? या पान्यानं जे लेकरं वाचले, थे तुह्या अभ्यासात धरले का?”

अभ्यास हाडांचा होता. त्यात हे कुठंच येत नव्हतं.

“नाही, काका.”

“बरं,” तो म्हणाला आणि दांडा खांद्यावर घेऊन घराकडं गेला.

प्रबंधाचं कौतुक झालं, पदवी मिळाली. तांड्याला दूरच्या विहिरीवरून नळ आला, तोही तिच्याच अहवालामुळं. तिथं जायचं मात्र ती टाळत राहिली. शेवटी भर उन्हाळ्यात एकदा एसटीत बसली.

जमनाबाई बाजेवर होती. पाणी बदललं तरी गुडघे सरळ होणार नव्हते, हे कहकशांला ठाऊक होतं. म्हातारीनं तिचा हात हातात घेतला. “धरमसिंग अजून बोलत नाही याहिच्यासंगं. तुह्ये काका तिकडंच बसते, हापशीपाशी. जाय, भेट.”

हे पाणी पिऊ नये म्हणून हापशीच्या खांबाला पाणीपुरवठा खात्यानं लाल रंग फासला होता. पलीकडं निंबाच्या सावलीत देवीलाल नळाच्या पाण्याचा माठ घेऊन बसला होता. बाहेरगावचे मेंढपाळ, वाटसरू जुन्या सवयीनं हापशीकडं वळायचे. त्यांतला एकही तहानलेला जाऊ नये आणि कुणी नाल्याच्या पाण्याला तोंड लावू नये, म्हणून तो तिथं असायचा. एक मेंढपाळ पाणी पिऊन, तोंड पुसून निघून गेला.

कहकशां पुढं झाली. तिनं खाली वाकून नुसती ओंजळ पुढं केली.

देवीलालनं तिला ओळखलं. माठातून तांब्या भरला.

“सावकाश पी. ठसका लागन,” तो म्हणाला, आणि तिची तहान भागेपर्यंत त्यानं पाण्याची धार बारीक धरून ठेवली.