गव्हर्नरसाहेबांच्या सेवेशी

पत्राच्या अकराव्या ओळीत, एका नावाखाली, नऊ मिलिमीटर लांब आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद अशी चीर पडली होती. चिरेच्या कडा तपकिरी, किंचित आत वळलेल्या. लिहिणाऱ्या बाईने त्या नावाखाली दोनदा रेघ ओढली होती, दुसऱ्यांदा जोर देऊन. तिथे शाई जास्त साठली आणि एकशे साठ वर्षांत तिने कागद खाऊन टाकला.

सुलक्षणाने मोजमाप वहीत टिपलं आणि चाचणीची पट्टी ओली करून चिरेच्या कडेला टेकवली. अर्ध्या मिनिटात पट्टी गुलाबी झाली. म्हणजे शाईतलं लोखंड अजून मोकळं होतं, कागद अजून जळत होता. शाई मायफळाची आणि हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची. मायफळ हा शब्द तिच्या लहानपणी फक्त बाळगुटीच्या वेळी निघायचा. त्याच मायफळाच्या शाईने माणसांनी असलं काही लिहिलं असेल, हे एडिनबरातल्या या प्रयोगशाळेत येईपर्यंत तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

अशी एकसष्ट पत्रं होती. अमेरिकेतलं दक्षिणेकडचं एक राज्य संघराज्यातून फुटून निघालं, त्या हिवाळ्यापासून यादवी युद्धाच्या शेवटच्या वर्षापर्यंत त्या राज्याच्या गव्हर्नरला लोकांनी लिहिलेली. कधीकाळी कापसाचा व्यापार करणाऱ्या एका स्कॉटिश घराण्याच्या माळ्यावर ती सापडली. आता वसंतात त्यांचं प्रदर्शन भरणार होतं. कुठला कागद कितपत टिकेल, हे सांगणं सुलक्षणाचं काम. मजकूर वाचणं तिचं काम नव्हतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली अक्षर अक्षर तपासणाऱ्या माणसाला न वाचता राहता येत नाही.

पहिली पत्रं जोशात होती. राज्य फुटल्याबद्दल अभिनंदन, आमची तलवार आपल्या पायाशी. मग सूर उतरत गेला. कुणाला मीठ हवं होतं. कुणाला शेतावरच्या मुकादमाला सैन्यातून सूट हवी होती, कारण तो गेला तर चाळीस गुलामांना धाकात कोण ठेवणार. आणि सगळ्यांचा शेवट एकच, 'आपला आज्ञाधारक सेवक'. माणसं विकत घेऊन बाळगणारे हे लोक सही करताना स्वतःला सेवक म्हणवून घेत. सुलक्षणाला पहिल्या आठवड्यात राग यायचा. आता नुसती शिसारी येत होती, न धुतलेल्या ताटावरून बोट फिरल्यासारखी.

ही चीर पडलेलं आजचं पत्र एका विधवेचं होतं. अक्षर देखणं. हेस्टर नावाची तिची गुलाम बाई पळून गेली होती आणि शेजारच्या जिल्ह्यात पकडली जाऊन तुरुंगात होती. ती आपल्याला परत मिळावी, अशी विनंती. 'हेस्टर आमच्या घरचीच होती. आम्ही जे खाल्लं तेच तिने खाल्लं. तिला काय कमी होतं, हे मला आजही कळत नाही. तिच्या कृतघ्नपणाने माझं मन दुखावलं आहे, तरी मी तिला क्षमा केली आहे.'

पत्राच्या पाठीवर गव्हर्नरच्या कारकुनाचा शेरा होता. चार दिवसांनंतरची तारीख, आणि तीनच शब्द: 'शेरिफला कळवले. निकाली.' शेऱ्याची शाई उत्तम होती. तिथे कागदाला काहीही झालं नव्हतं.

तो शेरा सुलक्षणा बराच वेळ पाहत राहिली. पत्र म्हणजे तिच्या लेखी एक वस्तू होती. त्या पत्राने काहीतरी घडवलं होतं, हे तिने आजवर मनावर घेतलं नव्हतं. एका बाईने टेबलाशी बसून नीटनेटकं खोटं लिहिलं, आणि चार दिवसांत दुसऱ्या बाईला बांधून परत आणलं गेलं.

प्रदर्शनाचं काम बघणारी मोरॅग मागे येऊन उभी राहिली. "काय सुंदर अक्षर आहे ना? बिचारी किती एकटी पडली असेल." मोरॅग मनाने चांगली होती. ती विधवेबद्दल बोलत होती.

"हो," सुलक्षणा म्हणाली, आणि आपण 'हो' म्हणालो याचीच तिला घाण वाटली.

रविवारी ती आणि नवरा शशिधर तिच्या धाकट्या दिराकडे, विनयकडे जेवायला गेले. महिन्यातून एका रविवारी जायचं, हा शिरस्ता होता. सासूबाई तिथेच होत्या. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. त्यांचं सगळं वैजयंती करायची. सगळं म्हणजे अंघोळ, डायपर, भरवणं, रात्री तीनदा कूस बदलणं, शिवाय स्वयंपाक आणि दोन मजल्यांची झाडलोट. भोरजवळच्या गावातून तिला आणून अडीच वर्षं झाली होती. तिचा व्हिसा सहा महिन्यांचा होता.

आणि तो व्हिसा मिळाला होता तो सुलक्षणाच्या पत्रामुळे. 'सदर बाई गेली दोन वर्षं माझ्या सासूबाईंच्या सेवेत असून मी तिला व्यक्तिशः ओळखते.' मजकूर विनयने टाइप केला होता. हुद्द्याचं, शास्त्रज्ञाचं पत्र जोडलं की काम सोपं होतं, असं त्याला कुणी सांगितलं होतं. खरं तर सासूबाई तेव्हा पुण्यात होत्या, वैजयंतीला त्यांच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते आणि सुलक्षणाने तिला एकदा फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. कुठलीही नोंद तीनदा तपासल्याशिवाय न लिहिणाऱ्या सुलक्षणाने ते पत्र वाचून सही केली होती. न वाचता केली असती तर बरं. कारण साधं होतं. वैजयंती आली तर सासूबाई विनयकडे राहणार होत्या आणि सुलक्षणाची नोकरी वाचणार होती.

टेबलावर मसालेभात, मठ्ठा आणि लंडनमधल्या वेम्बलीहून मागवलेली जिलबी होती.

"वहिनी, घ्या ना अजून," विनय म्हणाला. "का पीएच मोजल्याशिवाय मठ्ठा घेत नाही तुम्ही?"

"मोजलाय. आंबट आहे."

"बघ मीनल, पेपर रिजेक्ट झाला."

विनयची बायको मीनल हसली. "वहिनींचं काय, दिवसभर मेलेल्यांचे कागद. कागद डायपर भरत नाहीत. वैजू, अगं पापड आण. सांगितल्याशिवाय हलायचं नाही हिने."

वैजयंती पापड ठेवून गेली. ती टेबलावर कधी बसत नसे. "तिला आवडत नाही आपल्यात बसायला," असं मीनलने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं.

सुलक्षणा मठ्ठ्याचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली. वैजयंती ओट्याशी उभी राहून भात खात होती. तिने ताटली बाजूला सारली.

"जेवा, वैजयंतीबाई. तनू कशी आहे?"

"सातवा सरला, ताई. डोहाळजेवण फोनवर बघितलं. हिरवी साडी छान दिसत होती." तिने हात पुसले, पुन्हा पुसले. "पहिलं बाळंतपण. सासू विचारते तिची, माहेरी न्यायला कोण येणार. आता काय सांगू? तुझं माहेर मीनलवहिनींच्या कपाटात कुलपात आहे म्हणून सांगू?"

"पासपोर्ट मागितलात?"

"संक्रांतीला मागितला. मग होळीला. म्हणतात, सगळ्यांचे एका ठिकाणी असलेले बरे, हरवतात. मग म्हणतात, आईंचं होऊन जाऊ दे." तिने आवाज उतरवला. "आईंचं होऊन जाऊ दे, म्हणजे म्हातारी मरायची वाट बघायची. रोज भरवते मी तिला. असं वाट बघणं मला जमत नाही, ताई."

चार महिन्यांपूर्वी सुलक्षणाने एका कायदा-सल्ला केंद्राला फोन करून, नाव न सांगता, सगळं विचारलं होतं. मालकाने खोटे कागद दिले तर त्याची शिक्षा कामकरी बाईला सहसा होत नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं. ज्याने सही केली त्याला मात्र उत्तर द्यावं लागेल. ते ऐकून तिने आभार मानले होते आणि फोन ठेवला होता. तेव्हापासून ती, प्रदर्शन होऊ दे, मग बघू, असं म्हणत होती.

"मी तोंड उघडलं तर तुम्हाला इथे परत येता येणार नाही बहुतेक," ती म्हणाली. "चौकशी झाली तर तुम्हालाही विचारतील. तुम्हाला काय हवंय, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

वैजयंतीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, हा प्रश्न इतका उशिरा कसा सुचतो एखाद्याला.

"परत कुणाला यायचंय, ताई. मला लेकीकडे जायचंय. विचारतील त्याला खरं सांगीन. खरं सांगायला काय अवघड आहे?"

सुलक्षणा टेबलाशी परत आली आणि खुर्चीवर बसली.

"मीनल, वैजयंतीबाईंचा पासपोर्ट दे त्यांना."

"कुणी काय भरलं तुमच्या कानात?" मीनलचा हात जिलबीवरच थांबला. "तिने? मला वाटलंच. दोन स्वेटर दिले, बूट दिले, आईंच्या खोलीत हीटरजवळ झोपते ती. आमच्या घरचीच आहे, वहिनी. आम्ही जे खातो तेच खाते. काय कमी आहे तिला?"

सुलक्षणा पाणी प्यायली. शब्द तेच होते, जवळजवळ त्याच क्रमाने, आणि मीनलला ते मनापासून खरे वाटत होते. त्या विधवेलाही वाटले असतील. समोरच्या ताटात पाक सुटलेली जिलबी पडली होती. ते ताट, ते टेबल, विनयचं सैलावलेलं हसू, आणि अडीच वर्षं महिन्यातून एकदा इथे बसून जेवलेली आपण स्वतः, या सगळ्याची एकदम तिला किळस आली.

"लेकीच्या बाळंतपणाला जायचंय त्यांना," ती म्हणाली.

"मग दोन महिन्यांनी बघू ना. लगेच काय आहे?" विनय समजुतीने म्हणाला. "वहिनी, प्रॅक्टिकल बोला. ती एअरपोर्टवर गेली की ओव्हरस्टे निघणार. मग कुणी आणली, कशी आणली. माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन आहे, तुमची नोकरी आहे. पत्र तुमचंच होतं, विसरलात का?"

"विसरले नाही."

"मग झालं तर."

"सुलू," शशिधर म्हणाला. तो निवृत्त भूलतज्ज्ञ, आवाज अजून तसाच मऊ. "जेवताना नको. नंतर बोलू."

"अडीच वर्षं नंतरच बोलतोय आपण."

"आणि आईंचं कोण करणार?" मीनल म्हणाली. तिचा आवाज आता चिरकला होता. ती नुसती दुष्ट नव्हती, घाबरलेलीही होती. "तोंडाने बोलणं सोपं आहे. तुम्ही करणार? तुम्हाला तर एक रविवार जड जातो. वैजूला आणलं तेव्हा सगळ्यांत जास्त सुटकेचा निःश्वास कुणी सोडला होता, सांगू?"

"मीच," सुलक्षणा म्हणाली. "म्हणून तर सही केली."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. दारात वैजयंती उभी होती, हातात भांडं तसंच. शशिधर बायकोकडे पाहत होता. इतक्या वर्षांत त्याने तिला या घरात लागोपाठ चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. सुलक्षणाने वैजयंतीकडे पाहिलं, मग मीनलकडे, मग विनयकडे.

"आई शनिवारपासून आमच्याकडे राहतील. मी नोकरी अर्ध्या वेळेवर आणते, आणि केअररसाठी उद्या कौन्सिलला फोन करते. पासपोर्ट तू आत्ता दिलास किंवा नाही दिलास, त्याने पुढच्या गोष्टीत काही फरक पडत नाही, विनय. ते पत्र खोटं होतं, मी ते जाणून त्यावर सही केली होती, आणि उद्या सकाळी हे मी होम ऑफिसला माझ्या नावाने लिहून कळवणार आहे."