पुढून पदवी, मागून नाड्या

मित्रांनो, मी एक जुना गाऊन आहे. गाऊन म्हटलं की तुम्हांला घरात आई घालते तो फुलाफुलांचा गाऊन आठवेल. मी तो नव्हे. मी काळा, घोळदार, पदवी मिळाल्यावर फोटोपुरता अंगावर चढवतात तो. धामणगाव बढ्याला बाजारातल्या गल्लीत पंजाबरावांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथली तिसरी खुंटी म्हणजे माझं घर. सकाळी दुकान उघडलं की पंजाबराव आधी उदबत्ती लावतात. इतक्या वर्षांत तिचा वास माझ्या बाह्यांत मुरून गेला आहे.

माझा जन्म कडूबा टेलरच्या मशीनवर झाला. एका वकिलाच्या कोटाचं कापड उरलं होतं, ते पंजाबरावांनी मागून आणलं. पण ते पुढच्या भागालाच पुरलं.

"पाठ कोठून आणू आता?" कडूबा म्हणाला.

"फोटो समोरून काढतेत ना बे! मांगं नाड्या लाव."

अशी माझी पाठ उघडीच राहिली. चार नाड्या, बस. गळ्याची लाल पट्टी लग्नमंडपाच्या झालरीची, टोपी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची. आणि हातात देतात ती लाल फितीची ऐटदार गुंडाळी? ते गेल्या वर्षीचं कॅलेंडर. लपवायचं कशाला?

पण मित्रांनो, एक गोष्ट माझ्याजवळ अस्सल आहे. पंजाबरावांनी पहिल्याच दिवशी नेम धरला होता, की निकाल पाहिल्याशिवाय हा गाऊन कुणाच्या अंगाला लावायचा नाही. नेम लहान असला तरी चालतो. तो रोज पाळला की त्याला तेज चढतं. एकदा एका पुढाऱ्याचा मुलगा आला. दोन विषय राहिलेले, आणि वाढदिवसाच्या बॅनरवर गाऊनमधला फोटो हवा. पंजाबराव हात जोडून म्हणाले, "बॅनर छापून देतो भाऊ. गाऊन नाई भेटत." तो पाय आपटत गेला. त्या दिवशी मी खुंटीवर ताठ होऊन लटकलो होतो.

किती जणांना मी अंगाशी धरलं! अन्नपूर्णा टाचा उंच करून उभी राहिली होती, कारण मी तिच्या पायांत येत होतो. गोविंदा बी.कॉम. झाला आणि त्यानं दुसरबीडला रस्त्याच्या कडेला टायरचं दुकान टाकलं. माझ्यातला त्याचा फोटो हवेच्या मशीनच्या वर लावलेला आहे म्हणे. "एवढं शिकून टायर?" असं कुणी विचारलं, की तो सांगतो, "टायर इकतो म्हून शिकलेलं पुसल्या जाते का? साऱ्या गावाचे अर्ज मीच लिहितो." हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आता ज्या दिवसाचा मला सगळ्यांत जास्त अभिमान आहे, तो सांगतो. त्याची गोष्ट दोन वर्षं आधीपासून सुरू होते.

पंजाबराव स्टुडिओतच कॉलेजचे ऑनलाइन अर्जही भरून देतात. एका जुलैमध्ये धम्मशीला नावाची मुलगी संगणकासमोर बसली होती. विज्ञानाचं पहिलं वर्ष पास झालेली. तिची आई कलाबाई रोजानं निंदायला, म्हणजे पिकातलं तण काढायला जाते. धम्मशीलाला तीन विषयांतून एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, निवडायचा होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. प्रेमानंदमामानं फोनवर बजावलं होतं, "केमिस्ट्री घे. कंपनीत चिकटशीन." मुलीचं बोट मात्र माऊसवर अडून बसलं होतं. एकदा बटण दाबलं की पुढची सगळी वर्षं त्याच वाटेनं जायचं होतं.

तेवढ्यात कलाबाई धापा टाकत आत आली. हातात खुरपं, खुरप्याला ओली माती.

"कोण व्हय थो मेजर?"

"आई? काय झालं?"

"शेजारच्या सिंधूताईनं वावरात येऊन सांगतलं. तुही पोरगी पंजाबभाऊच्या दुकानात मेजर निवडून राह्यली म्हणे, पाच वाजेलोक! कोणत्या गावचा हाय? पेन्शनवाला अशीन त म्हातारा अशीन मेला!"

पंजाबराव हसता हसता टेबलाला धरून खाली बसले. आमच्याकडे फौजेतून घरी आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. त्या माउलीला वाटलं, पोरीनं परस्पर नवराच शोधला.

"अवं माय, मेजर म्हंजे विषय. तीनातला एक मोठा धराचा," पंजाबरावांनी समजावलं.

"मंग तसं सांगा नं! मी अर्धं तास टाकून पयत आली." तास म्हणजे पिकाची ओळ. मग ती मुलीकडे वळली. "कोणता धरतं मंग?"

"मामा केमिस्ट्री म्हणते."

"मामा राहू दे मामाच्या घरी. तुले काय पायजे?"

धम्मशीला हळूच म्हणाली, "बॉटनी. झाडाचं, गवताचं, तणाचं शास्त्र."

"तण?" कलाबाईचा आवाज चढला. "तण शिकाले कालेज कायले पायजे? थे त मी तुले फुकटात शिकवलं!"

मुलीचा चेहरा पडला. मी खुंटीवर श्वास धरून होतो. गाऊनला श्वास नसतो, पण धरला होता.

मग धम्मशीलानं आईच्या खुरप्याला अडकलेलं एक हिरवं रोप सोडवून हातात घेतलं. "हे काय व्हय?"

"केना. लहान लेकरू सांगीन."

"कापून टाकला त?"

"मरत नाई मेला. पेऱ्यापासून पुन्हा फुटते. मुळासकट उपटून बांधावर वाळू द्याचा."

"हेच मॅडमनं वर्गात इचारलं होतं, आई. पुस्तकात इंग्रजीत हाय. साऱ्या वर्गात मले एकटीले सांगता आलं, काऊन की तू सांगतलं होतं. केमिस्ट्री मले पाठ करा लागते. बॉटनीत मले वळखू येते."

कलाबाईनं ते रोप मुलीच्या हातून घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "अन् नोकरी?"

"माईत नाई. भेटीन बी, नाई बी."

"खोटं नाई बोलली, बेस केलं." तिनं पदरानं घाम पुसला. "दाब मंग थे बटण. मामाले मी पायतो."

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. मोबाईलमध्ये असं काही निघालं, की चेहरा टाकला की गाऊन आपोआप चढतो. टोपीसुद्धा. मला कुणी विचारेना. उंदरांनी माझ्या चारही नाड्या कुरतडल्या. पंजाबराव उदबत्ती लावत, पण माझ्यावरची धूळ झटकायला विसरत. मी कुणाला दोष देत नाही. नुसती आठवण येत राही.

दोन वर्षांनी एका दुपारी मायलेकी दारात उभ्या राहिल्या. धम्मशीला वनस्पतिशास्त्रात कॉलेजातून पहिली आली होती.

"मोबाईलवर दोन मिनिटांत होते," पंजाबराव म्हणाले.

"मोबाईलातलं नको भाऊ. पोरीले खरा गाऊन घाला," कलाबाई म्हणाली. आणि पंजाबरावांनी मागायच्या आतच तिनं पिशवीतून निकाल काढून टेबलावर ठेवला. "घ्या. तुमचा नेम हाय नं?"

पंजाबरावांनी मला झटकलं. धूळ अशी उडाली, की मला नाक असतं तर आम्ही दोघंही शिंकलो असतो. मी धम्मशीलाच्या खांद्यांवर चढलो आणि लगेच घसरलो. नाड्याच नव्हत्या. कलाबाईनं मागं जाऊन पाहिलं.

"ह्याले त मांगून काईच नाई!"

"फोटो समोरून काढतेत माय," पंजाबराव ओशाळून म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "हिचा झाला की एक फोटो तुमचाबी काढू. गाऊन घालून. अर्धी पदवी तुमचीच हाय."

आणि मित्रांनो, कलाबाई म्हणाली, "नाई भाऊ. माह्यासाठी नेम कायले मोडता? माहा निकाल कुठी हाय?"

ती मुलीच्या शेजारी, जराशी मागं उभी राहिली. माझ्या पाठीची दोन्ही टोकं तिनं एका मुठीत गच्च धरली. निंदून निंदून राठ झालेली ती मूठ! आजवर चार नाड्यांनी मला कधी असं नीट बसवलं नव्हतं.

"काढा आता."

धम्मशीलाच्या हातात त्या दिवशी कॅलेंडरची गुंडाळी नव्हती. तिनं केन्याचं एक रोप धरलं होतं, निळ्या फुलाचं.

तो फोटो आता स्टुडिओच्या काचेत लावला आहे. लोक थांबून पाहतात. कुणीतरी विचारतंच, "कलाबाईचा एक हात कुठं गेला?" पंजाबराव नुसते हसतात. तो हात कुठं आहे ते मला ठाऊक आहे.

माझ्या नाड्या आता नव्या आहेत. कडूबानं परवाच लावल्या. मित्रांनो, विषय निवडताना घाबरू नका, नुसत्या नावावरूनही निवडू नका. तुम्हांला काय ओळखू येतं, ते आधी पाहा. मनापासून शिका आणि मग माझ्याकडे या, मी खुंटीवर वाट पाहतो आहे. निकाल मात्र सोबत आणा. आणि ज्यानं तुम्हांला मागून सावरून धरलं असेल, त्यालाही आणा. नाड्या नव्या असल्या, तरी पाठीला त्याच्या मुठीपुरती जागा मी रिकामी ठेवली आहे.